अ‍ॅडव्हान्स घेतलाय, गिऱ्हाईक दारात आहे आणि वारा उलटा

तुमच्यातले बरेच जण विचारतात, "सर, गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणायचं?" याचं उत्तर मला नाशिकच्या दुकानात नाही, मालवणजवळ देवबागच्या होडीत मिळालं.

आम्ही चौघे रात्रभर गाडी चालवून पोचलो. गळाने मासे पकडायची ट्रिप, अ‍ॅडव्हान्स दिलेला. मला समुद्रात जायचंच होतं.

होडीवाला म्हणाला, "दादा, आज भायर जावक नको." माझं तोंड उतरलं. मग त्याने कारण दाखवलं. अमावास्येचं उधाण, ओहोटीचं पाणी कर्लीच्या मुखातून जोरात बाहेर पडतंय, आणि समोरून वारा. दोन्ही भिडले की लाटा आखूड, उभ्या होतात. छोटी होडी तिथेच उलटते. संगमावरची फेसाची रेघ बघितली आणि मी गप्प बसलो.

पण बघा, तो 'नाही'वर थांबला नाही. लगेच म्हणाला, खाडीत कांदळवनाच्या कडेला बसू, जिवंत कोळंबी लावू. नको असेल तर पैसे परत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, हंगाम आधीच तोकडा, तरीही!

खाडीत तांबोशी मिळाली. गळाला लागली की ती थेट मुळांत घुसते, एकदा दोरी तुटलीच. (चूक माझी, ढील दिली.)

निघताना पुढची तारीख त्यानेच काढून दिली: अष्टमीच्या आसपास, भांगाचं पाणी. अ‍ॅडव्हान्स मी तिथेच दिला.