जकातनाक्यावरची हाक

येशू ख्रिस्तांनी निवडलेल्या बारा शिष्यांना कुराणात 'हवारी' म्हटले आहे, म्हणून ही मंडळी मला लहानपणापासून ओळखीची. त्यांत पुरोहित कोणी नव्हता. पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान तर गालील सरोवरावरचे कोळी.

पण मला अधिक विचारात पाडतो तो मत्तय. कफर्णहूमच्या नाक्यावरचा जकातदार. (जकात शब्द अरबी. आमच्या घरी त्याचा अर्थ दान. मराठीत तो वसुली होऊन आला!) त्या काळी जकातीचा मक्ता दिला जाई, ठरल्याहून जास्त उकळावे आणि खिशात घालावे, अशी त्या धंद्याची ख्याती. लोक जकातदाराला पापी माणसांतच धरत.

येशूंनी नाक्यावर बसलेल्या या माणसाला आपल्यामागे बोलावले. तो उठला आणि निघाला. कोळी पुन्हा होडीकडे वळू शकत होते, नाका सोडलेल्याला तशी परतीची वाट कुठली?

मग मत्तयाच्या घरी पंगत बसली, शेजारी त्याचेच जकातदार सोबती. परूशी धर्मपंडितांनी नाक मुरडले. त्यावर येशूंनी विचारले ते वैद्याविषयी: त्याची गरज धडधाकटांना असते की आजाऱ्यांना?