सूत्र जिथे अडतं, तिथली कक्षा

ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्ग तळावरून फाल्कन-९ रॉकेटने दोन नॉर्वेजियन उपग्रह वर नेले. त्यांच्या पोटात नॉर्वेच्या लष्कराची संदेशयंत्रणा होती, एका कंपनीची ब्रॉडबँड सेवा होती आणि चक्क अमेरिकेच्या स्पेस फोर्सची लष्करी यंत्रणाही होती. अमेरिकेने असलं सामान दुसऱ्या देशाच्या उपग्रहावर चढवावं, हे नवलच. बातम्यांचा भर मात्र ‘आर्क्टिकमध्ये आता अखंड इंटरनेट’ यावर. इंटरनेट नवं असेल, पण ज्या प्रकारच्या कक्षेच्या जोरावर ते मिळणार, तिचं वय साठीला टेकलंय.

आपल्या गच्चीवरची डिशची छत्री एकदा पक्की केली की पुन्हा फिरवावी लागत नाही. तिचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर पृथ्वीच्याच गतीने फिरत असतो. पण उत्तरेला जावं तसा तो क्षितिजाकडे उतरू लागतो. रशियाच्या उत्तरी आरमाराचा तळ मुर्मान्स्कच्या परिसरात आहे. तिथून तो फार तर १२ अंश वर दिसतो, म्हणजे एखादी टेकडी आड आली की संपलं. ८१ अंश अक्षांशाच्या पुढे तर तो दिसतच नाही. आणि शीतयुद्धात बॉम्बर विमानं, पाणबुड्या, क्षेपणास्त्रांचे मार्ग, सगळी वर्दळ नेमकी या उत्तरेकडे.

यावरचा सोव्हिएत तोडगा २३ एप्रिल १९६५ रोजी अवकाशात गेला. सर्गेई कोरोल्योव यांच्या संस्थेत तयार झालेला हा उपग्रह, मोल्निया-१, लांबुळक्या कक्षेत फिरे. जवळचं टोक सुमारे ५०० किलोमीटरवर, लांबचं जवळपास ४० हजारांवर. क्रिकेटमधला उंच उडालेला झेल आठवा. बॅटवरून सुटतो तेव्हा चेंडू नजरेला सापडत नाही. वर जाता जाता त्याची गती मरते, माथ्यावर तो लटकल्यासारखा वाटतो आणि खाली वाट बघणाऱ्या क्षेत्ररक्षकाला घाम फुटतो. चेंडूचा बराचसा वेळ त्या माथ्याच्या आसपासच जातो. मोल्निया खालच्या टोकाला सेकंदाला दहा किलोमीटरच्या वेगाने दक्षिण गोलार्धातून सटकतो, तर वरच्या टोकाला वेग जेमतेम दीड किलोमीटर. बारा तासांच्या फेरीतले आठेक तास तो उत्तरेवर रेंगाळतो. असे तीन उपग्रह पाळीपाळीने ठेवले की चोवीस तासांची सोय झाली. १९६७ पासून सैबेरियात मॉस्कोचा टीव्ही दिसू लागला तो याच उपग्रहांमुळे; जगाला दाखवायचा चेहरा तो होता, लष्कराचे निरोप त्यामागून जात.

इथे एक अडचण होती, आणि माझ्या मते या कथेतला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथला व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा ४३ किलोमीटरने जास्त. त्या फुगवट्याच्या ओढीने लंबवर्तुळ स्वतःच हळूहळू वळत जातं. बरोबर ध्रुवांवरून जाणारी अशी कक्षा घेतली, तर उत्तरेकडे रोखलेलं टोक साधारण तीन वर्षांत दक्षिणेकडे पोचेल. मग मुर्मान्स्कऐवजी अंटार्क्टिकाच्या पेंग्विनांना आदेश द्या!

१९५९ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल जर्नल’च्या एकाच अंकात येलचे डर्क ब्राउवर, जपानचे योशिहिदे कोझाई आणि बोरिस गारफिंकेल यांचे उपग्रहांच्या गतीवरचे लेख आले. ब्राउवर यांच्या सूत्रांत काही ठिकाणी एका राशीने भागावं लागे, आणि कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल ६३.४ अंश झाला की ती राशी शून्य होई. भागाकार अडला! गणितज्ञांनी या ‘क्रिटिकल’ कोनावर पुढे वर्षानुवर्षं डोकं खपवलं. पण नेमक्या याच कोनात फुगवट्याची दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना रद्द करते आणि लंबवर्तुळाचं वळणं थांबतं. म्हणजे सूत्राला जे संकट, तेच अभियंत्याला वरदान. सोव्हिएत उपग्रह या कोनावर काटेकोर नव्हते: सुरुवातीचे ६५ अंशांच्या आसपास, पुढे प्लेसेत्स्कहून सोडलेले ६२.८ अंशांवर. तेवढ्यावर भागत होतं. भूस्थिर कक्षेच्या कल्पनेसाठी आर्थर क्लार्क यांचं नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. ब्राउवर यांचं नाव कुणी घेत नाही, याचा मला राग येतो.

नॉर्वेने कोन तोच ठेवून एक बदल केला. मोल्नियाला प्रत्येक फेरीत दोनदा पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यांमधून जावं लागे आणि तिथल्या वेगवान प्रोटॉनांच्या माऱ्याने त्याचे सौरफलक लवकर म्हातारे होत. नव्या जोडीची फेरी सोळा तासांची आणि खालचं टोक आठ हजार किलोमीटरवर आहे. त्यामुळे प्रोटॉनांचा सर्वांत वाईट टापू टळतो आणि तीनऐवजी दोघांत काम भागतं.

अमेरिकेनेही शीतयुद्धातच ही युक्ती उचलली होती. १९७६ पासून ‘सॅटेलाइट डेटा सिस्टिम’चे उपग्रह अशाच कक्षेत गेले. रशियावरून जाणाऱ्या केएच-११ हेर उपग्रहाची छायाचित्रं झेलून ते थेट अमेरिकेत पोचवत, आणि उत्तरेकडे उडणाऱ्या अण्वस्त्रधारी बॉम्बर विमानांनाही निरोप देत.

मात्र खरी गंमत हॉटलाइनची आहे. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातली ही तातडीची लाइन आधी केबलवरून चाले. १९७१ च्या करारात ती उपग्रहांवर नेण्याचं ठरलं, आणि कुणा एकाच्या हाती सगळी नाडी नको म्हणून दोन वाटा ठेवल्या: एक अमेरिकेच्या बाजूने इंटेलसॅट उपग्रहांची, दुसरी सोव्हिएत मोल्नियाची. १९७८ मध्ये ही उपग्रहांवरची लाइन सुरू झाली. त्यासाठी अमेरिकी लष्कराने मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिकला खास अँटेना उभारल्या. मोल्निया आकाशात सरकत राहतो, म्हणून या अँटेनांनाही मान वळवत त्याच्या मागे जावं लागे आणि एक मावळायच्या आत दुसरा पकडावा लागे. अणुयुद्ध टाळण्याची लाइन तुटू नये म्हणून अमेरिकी सैनिक सोव्हिएत उपग्रहांचं वेळापत्रक सांभाळत बसले होते.