मालकाचे नाव

जुलैच्या पहिल्या आठवड्यात परभणी जिल्ह्याला बोलायलाही सवड नसते. कापूस लावून झालेला, सोयाबीन कुठे उगवलेलं, कुठे पावसावर खोळंबलेलं. अशा दिवसांत 6 जुलैच्या सुमारास पशुवैद्यक महाविद्यालयाच्या चिकित्सालयात मोफत रेबीज लसीकरण असलं की तिथली रांग जरा थांबून बघावी. कुणी मोटारीतून लॅब्रेडॉर उतरवतं. कुणी कापडी पिशवीत मांजर घालून, नुसतं डोकं बाहेर ठेवून येतं. शाळकरी पोरगं सुतळी बांधलेलं पिल्लू छातीशी धरून उभं असतं. शेतावरचा वाघ्या मालकाच्या पायाशी बसलेला असतो. त्याने आयुष्यात पट्टा पाहिलेला नसतो, म्हणून त्याच्या गळ्यात बैलाचा कासरा.

टेबलाशी काम चालतं ते शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातून, गुरुजनांच्या नजरेखाली. कुत्रं बुजलं की गॉजची पट्टी निघते. तिचा सैल फास नाकाडावरून घालायचा, गाठ जबड्याखाली घ्यायची, दोन्ही टोकं कानांमागे नेऊन बांधायची. गाठ अशी हवी की कुत्र्याला श्वास घेता यावा, पण तोंड उघडता येऊ नये. आणि काम झालं की एका ओढीत सुटावी. ही गाठ पुस्तकातून येत नाही. पहिल्या वर्षी हात थरथरतो, इंटर्नशिपपर्यंत तोच हात गाठ बांधता बांधता मालकाशी गप्पा मारत असतो. मानेवरची सैल कातडी चिमटीत उचलून त्वचेखाली एक मिलीलिटर लस जाते. कुत्र्याला कळायच्या आत सुई बाहेर.

मग कार्ड भरायचं. प्राण्याचं नाव, वय, रंग, लसीची तारीख, पुढची तारीख, आणि मालकाचे नाव. सगळ्यात जास्त वेळ या शेवटच्या रकान्यापाशी जातो. “कुणाचंय?” असं विचारलं की पुष्कळदा उत्तर येतं, “आमच्या गल्लीचं हाय.” चार घरची भाकर खाणारं, रात्री सगळ्या गल्लीवर भुंकणारं, आणि कुणाच्याच नावावर नसलेलं कुत्रं. ते इथवर आलं ते कुणा एकाला त्याची माया वाटली म्हणून. माझ्या लेखी शिबिराची खरी कसोटी या रकान्यात आहे.

हे महाविद्यालय 1972चं. मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षी, 18 मे रोजी झाली. ते वर्ष इथल्या जुन्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही: दुष्काळ, सुकडी, खडी फोडायची कामं, आणि दावणीची जनावरं मिळेल त्या किमतीला सोडून द्यावी लागलेली माणसं. अशा वेळी जनावरांचे डॉक्टर घडवणारं महाविद्यालय मराठवाड्याच्या मध्यावर उभं राहिलं. मुंबईत असं महाविद्यालय 1886 पासून होतं. परळच्या बाई साकरबाई पशुरुग्णालयाच्या आधाराने, पेटिट घराण्याच्या देणगीतून त्याचा पाया घातला गेला होता. पण गंगाखेडच्या शेतकऱ्याला परळचा काय उपयोग? 2000 साली राज्याचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपूरला निघालं आणि परभणीचं हे महाविद्यालय कृषी विद्यापीठाकडून त्याच्याकडे गेलं.

या भागाचं भूषण म्हणजे लाल कंधारी आणि देवणी. देवणी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून परभणीच्या संशोधकांनी ‘होलदेव’ तयार केली. त्यामुळे गावात आजही याला ‘ढोरांचा दवाखाना’ म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. लोखंडी खोड्यात उभी गाय, पोट फुगलेली म्हैस, पाय मोडलेली शेळी हेच इथलं रोजचं काम. कुत्र्यामांजरांची गर्दी वाढली ती पुढे, शहर वाढलं आणि घरात पाळीव प्राणी आला तसतशी. आता दोघेही एकाच आवारात दिसतात: बैलाला धरून उभा असलेला शेतकरी पमेरियन घेऊन आलेल्या बाईंकडे बघतो, बाई बैलाकडे बघतात, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काळजी सारखीच असते.

6 जुलै ही तारीख आली ती पॅरिसहून. 1885 साली याच दिवशी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचवली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला ठिकठिकाणी फाडलं होतं, दोन दिवस उलटून गेले होते. पोरगं वाचलं. त्या आठवणीने हा दिवस जगभर प्राण्यांकडून माणसांना होणाऱ्या आजारांचा दिवस म्हणून पाळतात. 28 सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन. 2007 पासून तो जागतिक रेबीज दिन झाला. म्हणजे आपल्याकडे एक शिबिर पेरणीच्या धांदलीत येतं आणि दुसरं सोयाबीनच्या काढणीच्या तोंडावर. खेड्यातल्या माणसाला दोन्ही वेळा अडचणीच्या, तरी तो येतो.

टोचून परत पाठवलं तर ते नुसतं औषध वाटप होईल. टोचण्याआधी झाडाखाली जे अर्धा-पाऊण तास बोलणं चालतं, ते मला लसीइतकंच मोलाचं वाटतं. पिल्लाला पहिली रेबीज लस तीन महिन्यांनी, नंतर बूस्टर, मग दरवर्षी. जंताचं औषध चुकवायचं नाही. गोचीड काढायला रॉकेल चोळायचं नाही, कुत्र्याची कातडी भाजते आणि ते चाटून विषबाधा होते. परभणीच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बांधलेलं कुत्रं तासाभरात धापा टाकून जाऊ शकतं, त्याला सावली आणि पाणी आधी, साखळी नंतर. ऐकणारे मान डोलावतात. एखादी आजी मध्येच विचारते, “दूधभाकर चालती ना?” मग कांदा, चॉकलेट, कोंबडीची टोकदार हाडं यांवर पाच मिनिटं जातात. ती पाच मिनिटं वाया जात नाहीत.

चावल्यावर काय करायचं, हे मात्र तीन-तीनदा सांगावं लागतं. जखमेवर हळद, चुना, तिखट लावण्याची चाल अजून गेलेली नाही. उतारा करायला नेणारेही आहेत. रेबीजचा विषाणू रक्तातून धावत नाही, नसेच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला जखमेतच गाठायचं असतं. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. मग थेट सरकारी दवाखाना. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहे, पण ती जुनी लस आपल्या देशातून वीस वर्षांपूर्वीच गेली. आता सुई दंडात बसते: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेच्या आत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. लक्षणं दिसू लागली, पाण्याने घशाला झटके येऊ लागले की पुढे डॉक्टरच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

गुरांच्या बाबतीत धोका वेगळ्या वाटेने येतो, आणि शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात तो जास्त घोळवून सांगायला हवा. पिसाळलेलं कुत्रं गोठ्यातल्या गाईला चावून गेलं, कुणी पाहिलं नाही. काही आठवड्यांनी गाय चारा सोडते, तोंडातून लाळ गळते, घोगरं हंबरते, पाणी गिळत नाही. घरधन्याला वाटतं, घशात काही अडकलं. तो बाह्या सरसावतो आणि काढायला हात घशात घालतो. त्या हातावर कुठे ना कुठे कोयत्याचं, काट्याचं खरचटलेलं असतंच. गाईच्या मायेपोटी घातलेला हात. म्हणूनच इथले विद्यार्थी स्वतः रेबीजची लस आधी टोचून घेतात आणि लाळ गाळणाऱ्या गाईच्या तोंडात हातमोज्याशिवाय हात घालायचा नाही, हे त्यांच्या अंगवळणी पाडलं जातं. तेच गोठेवाल्यांच्याही अंगवळणी पडलं पाहिजे.

लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, 2022 साली पसरलेला लम्पी: गुरांसाठी शासनाची लस दारात येते. बैलाच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी क्रमांक. गल्लीतल्या मोत्याकडे क्रमांक नाही, कार्ड नाही. रांगेत येतं ते कुत्रं बहुधा घरात झोपणारं, दरवर्षी टोचलेलं. खरी जोखीम रांगेत न येणाऱ्यांची. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सरळ आहे: एखाद्या भागातली सत्तर टक्के कुत्री टोचलेली राहिली तर रेबीजची साखळी तुटते. पण कुत्र्यांची पिढी लवकर बदलते, नवी पिल्लं येतात, म्हणून हे दरसाल करावं लागतं. आवारात बसून सत्तर टक्के गाठता येत नाहीत.

शेजारच्या गोव्याने ते गाठायचं ठरवलं. मिशन रेबीज या संस्थेबरोबर 2014च्या सुमारास राज्यभर काम सुरू झालं. पथकं गावोगाव, वाड्यावाड्यांवर फिरली. पाळलेली कुत्री दारात, भटकी जाळ्यात धरून टोचली, टोचलेल्यावर रंगाची खूण केली, शाळांतून मुलांना शिकवलं. 2018 पासून पुढची काही वर्षं तिथे रेबीजने माणूस दगावला नाही, आणि 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. गोवा लहान आहे, पैसा आहे, हे मान्य. पण परभणी एक जिल्हा आहे, नऊ तालुक्यांचा, आणि त्याच्या पोटात पशुवैद्यकाचं अख्खं महाविद्यालय आहे. साडेपाच वर्षं शिकणारी तरुण मुलं आहेत, तालुक्या-तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं खेड्यांत जातातच. 2023चे प्राणी जन्म नियंत्रण नियम भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकतात. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसला राहिली पाहिजे. त्यासाठी बर्फाच्या पॅकची पेटी पुरते. दान द्यायचं असेल त्या मंडळाने, त्या व्यापाऱ्याने हारतुऱ्याऐवजी एका गल्लीच्या लसी द्याव्यात, पेटी द्यावी, गाडीचं डिझेल द्यावं. यात मोठं काही नाही, पण कुणीतरी दरसाल करायला हवं.

आणि गल्लीने एक माणूस द्यावा. ज्याच्या हाकेला ते कुत्रं येतं असा. कारण जाळ्यापेक्षा भाकरीच्या तुकड्याने धरलेलं कुत्रं कमी भितं, चावत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा येतं. बहुतेक गल्ल्यांत असं माणूस असतंच, बहुधा एखादी बाई, जी उरलेलं अन्न ठरल्या वेळी ठरल्या दगडावर ठेवते.

दुपारपर्यंत रांग सरते. शेवटी शेवटी अशीच एखादी बाई येते, पदराचा काठ दातात धरून, हातात नायलॉनची दोरी आणि दोरीच्या टोकाला एका कानाचा तुकडा गेलेलं तांबूस कुत्रं. टोचून होतं. मुलगी कार्डावर पेन टेकवून विचारते, “मालकाचं नाव काय लिहू?” बाई कुत्र्याकडे बघते, मग मुलीकडे. थोडं थांबून ती स्वतःचं नाव सांगते, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट.