मुले परदेशी शिकावयास गेली म्हणजे घरच्यांनी काय पाहावे?



आपल्या कार्यक्षेत्रातील मुले पूर्वी शिकावयास पुण्या-कोल्हापूरला जात. एसटीने डबा जाई आणि रिकाम्या डब्यातून पोराची चिठ्ठी परत येई. आता गट ऑफिसच्या बाकावर ऊसनोंदीच्या गप्पांत जर्मनी, ऑस्ट्रेलिया, अमेरिका ही नावे सर्रास ऐकू येतात. पोर विमानात बसले म्हणजे त्याचा अभ्यास सुरू होतो हे सर्वांस ठाऊक आहे, पण त्याच दिवशी आईबापांचाही अभ्यास सुरू होतो आणि त्याचे पुस्तक मात्र कोणी हातात देत नाही. आमची थोरली मुलगी जर्मनीत ब्राउनश्वाइग या गावी शिकावयास गेली, त्यास आता दोन वर्षे होत आली. आम्ही उभयतांनी घरी बसून ज्या चुका केल्या, त्या इतर सभासदांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून हे लिहीत आहोत.

पहिली चूक घड्याळाची. धार काढून चहा झाला की आमचे डोके मोकळे असते, म्हणून पहाटे साडेपाचला फोन लावावयाचा असा आम्ही परिपाठ ठेवला. पोरगी झोपेत "हं, हं" म्हणे. आठवड्याने ती म्हणाली, "दादा, इथं रात्रीचे दोन वाजलेत." ऑक्टोबरचा महिना होता. त्या वेळी जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते. मग ठरले की तिने संध्याकाळी सहाला फोन करावा, म्हणजे आपल्याकडे साडेनऊ. हे सुरळीत चालले आणि एका रविवारी साडेनऊ झाले, पावणेदहा झाले, सव्वादहा झाले, फोन नाही. सौ. देवापुढे जाऊन बसल्या. आम्ही उगाच गोठ्यात दोन फेऱ्या मारल्या. साडेदहाच्या ठोक्याला फोन आला आणि पोरगी नेहमीसारखी हसत होती. तिच्या दृष्टीने ती वेळेवरच होती!

झाले होते असे की युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात व मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे करतात. उन्हाळ्यातील दिवसाच्या उजेडाचा उपयोग व्हावा असा त्यात हेतू आहे. त्यामुळे जर्मनीशी आपले अंतर हिवाळ्यात साडेचार तास व उन्हाळ्यात साडेतीन तास राहते. इंग्लंडचे हेच हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. न्यूयॉर्कच्या बाजूस हिवाळ्यात साडेदहा व उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर पडते. ऑस्ट्रेलियाचे क्वीन्सलँड राज्य आपल्या साडेचार तास पुढे आहे आणि तेथे घड्याळ हलवीत नाहीत. (तेही ऊस पिकविणारे राज्य आहे. शेतकरी कोठलाही असो, घड्याळाशी त्याचे फारसे पटत नसावे.) आम्ही आता भिंतीवर दुसरे घड्याळ लावले असून त्याखाली मुलीचे नाव लिहिले आहे.

दुसरी चूक मोबाईलवरील पाळतीची. मुलगी शेवटची केव्हा ऑनलाईन होती ते व्हॉट्सअॅपवर दिसते. सौ. ते दिवसातून पन्नास वेळा पाहत. तिकडे रात्री तीनला जागी होती, म्हणजे आजारी की काय? निळी खूण आली पण उत्तर नाही, म्हणजे रागावली काय? दोन महिन्यांनी मुलीने ते दिसणेच बंद करून टाकले. आम्हांस राग आला. पुढे विचार केला तेव्हा वाटले, शेताचा मालक दिवसभर बांधावर उभा राहिला तर तोडणीची टोळीही वैतागते. १८८३ साली आनंदीबाई जोशी बोटीने अमेरिकेस गेल्या, तेव्हा गोपाळरावांना एकेका पत्रासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. आपणांस एक रात्र धीर धरावयास काय हरकत आहे?

गुणांची एक गंमत सांगतो. पहिल्या परीक्षेत "एक पॉइंट सात मिळाले" असा फोन आला. आम्ही जमीन विकावी लागली तरी चालेल पण पोरीला परत आणू, या विचारापर्यंत गेलो. जर्मनीत उलटे आहे. तेथे १.० म्हणजे सर्वांत उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. पोरगी चांगली उत्तीर्ण झाली होती.

आता मुख्य विषय पैशाचा, आणि तो आपणा ऊसवाल्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही हे खरे. बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सहामाहीस १,५०० युरो घेते. पण फी नाही म्हणजे खर्च नाही असे नव्हे. व्हिसापूर्वी मुलाच्या नावे एका अडवलेल्या खात्यात, ज्यास ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात, वर्षाच्या पोटापाण्याची रक्कम भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो ठरविली गेली. त्यातून महिन्यास ९९२ युरोच काढता येतात. ही रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून ज्या वर्षी मूल जावयाचे त्या वर्षीचा आकडा पाहून घ्यावा.

येथे आपल्या हंगामाचा आणि त्यांच्या हंगामाचा मेळ बसत नाही. त्यांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते, म्हणून पैसा मे ते ऑगस्टच्या दरम्यान उभा करावा लागतो. त्या वेळी आपले गाळप संपून महिने झालेले, उसाची बिले सोसायटीत वळती झालेली, उरलेले खत-बियाण्यात गेलेले आणि आडसालीची लागण तोंडावर असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावयाचे असतात. पण नोव्हेंबरात उभा असलेला ऊस जूनमध्ये दाखवून व्हिसा मिळत नाही. म्हणून आदल्या हंगामाच्या बिलातूनच रक्कम बाजूला काढावी, नाहीतर बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे काम सहा महिने आधी धरावे. ऐनवेळी सावकाराकडे जाऊ नये. आमचे एक स्नेही गेले, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. दराकडेही लक्ष असावे. युरो एका रुपयाने महागला की या एका भरण्यात ११,९०४ रुपये वाढतात.

आणखी एक. परदेशी पैसे पाठविताना बँक टीसीएस नावाचा कर कापते. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवरही नाही. कापला गेला तरी तो बुडत नाही, पण परत मिळण्यास विवरणपत्र भरावे लागते. आपल्यापैकी पुष्कळजण शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून विवरणपत्र भरतच नाहीत, आणि हक्काचा पैसा तसाच राहतो.

मूल तेथे पोहोचल्यावर अडवलेल्या खात्यातील पैसा लगेच हाती येत नाही. आधी राहण्याची जागा, मग नगरपालिकेत पत्त्याची नोंद, आरोग्य विमा, मग तेथील बँकेत खाते, आणि त्यानंतर पहिला हप्ता. म्हणून पहिल्या महिना-दीड महिन्याची सोय वेगळी करून द्यावी. आम्ही दिली नव्हती. मुलीने वर्गमैत्रिणीकडून उसने घेतले आणि आम्हांस सहा महिन्यांनी सांगितले.

गेल्या जानेवारीत सकाळी साडेसातला अनोळखी फोन आला. हिंदीत एक गृहस्थ म्हणाले, तुमची मुलगी पोलिसांच्या ताब्यात आहे, दोन लाख लगेच पाठवा, कोणास सांगू नका. मागे कोणी मुलगी रडत होती. सौ.चे हातपाय गळाले. आम्ही मुलीस फोन लावला, तो उचलला गेला नाही. भिंतीवरचे दुसरे घड्याळ पाहिले, तिकडे पहाटेचे तीन वाजले होते. तिच्या खोलीसोबतिणीचा नंबर आम्ही जाताना लिहून घेतला होता. तिने दार वाजवून मुलीस उठविले. हा एक नंबर नसता तर आम्ही पैसे पाठविले असते, हे कबूल करतो. असा फोन आल्यास १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी. तिकडे खरोखर संकट आले तर युरोपात ११२ हा क्रमांक आहे. भारतीय दूतावास बर्लिनला व वाणिज्य वकिलाती हॅम्बर्ग, फ्रँकफर्ट व म्युनिक येथे आहेत. परराष्ट्र खात्याचे 'मदद' हे तक्रारीचे पोर्टलही २०१५ पासून आहे. पासपोर्ट, व्हिसा व विम्याच्या नकला घरी एका फाइलीत असाव्यात.

उसन्या पैशाचा विषय निघाला तेव्हा आम्ही मुलीस बोललो की तू आमच्यापासून लपविलेस. ती म्हणाली, "आणि विहीर आटली ते तुम्ही कुठं सांगितलंत? मला मामाच्या पोराकडून कळलं." आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिला घोर नको म्हणून आम्ही लपविले होते, आणि आम्हांस घोर नको म्हणून तिने. वर्षभर दोन्हीकडून रोज "जेवलीस का", "जेवलात का" एवढेच चालले होते.

बोलणे खरे सुरू झाले ते बिटामुळे. त्या शरदात तिने रस्त्याकडेच्या ढिगांचा फोटो पाठविला. आम्ही समजलो बटाटे. ते साखरेचे बीट होते. बिटातील साखर बर्लिनच्या मारग्राफ या शास्त्रज्ञाने १७४७ साली दाखवून दिली, आणि आज जर्मनीची साखर त्यावरच चालते. ब्राउनश्वाइगला तर नॉर्डझुकर या साखर कंपनीचे मुख्य कार्यालय असून तिची बहुतांश मालकी बीट पिकविणाऱ्या शेतकऱ्यांकडे आहे. आम्ही लगेच विचारले, उतारा किती? तिने चौकशी करून कळविले की बिटात साखरच सतरा-अठरा टक्के असते. अर्थात हाती पडते ती त्याहून कमी, तरी आपल्या दहा-अकराच्या उताऱ्यापुढे हा आकडा मोठाच. मार्च-एप्रिलात पेरणी, सप्टेंबरपासून काढणी, कारखाने साधारण जानेवारीपर्यंत चालू. टोळी नाही, कोयता नाही. सहा ओळींचे यंत्र एकदम पीक उपटते. त्या दिवशी फोन तासभर चालला. सौ. म्हणाल्या, आज जेवणाचे विचारायचेच राहिले.

परवा तिने आपल्या प्लॉटची तोड केव्हा ते विचारले. आम्ही सांगितले, नोंद जुलैची आहे, पाळी यावयाची आहे, आणि पाणी कमी पडल्याने या खेपेस टनेज दहा-बारा टनांनी खाली येईल. तिने थोडा वेळ काही विचारले नाही. मग म्हणाली, "बरं. मलाही एक पेपर परत द्यायचाय."