मॉल कुणी मोडला?

मॉलमध्ये मोटार चालवायची! बाहेरच्या पार्किंगमध्ये नाही हं, आत. गुळगुळीत फरशीवरून, दोन्ही बाजूंच्या दुकानांमधून, सुसाट. आणि मागे सायरन वाजवत पोलिसांच्या गाड्या! काचा खळाखळ फुटताहेत, माणसं जीव मुठीत धरून पळताहेत.

१९८० साली आलेल्या ‘द ब्लूज ब्रदर्स’ या अमेरिकन सिनेमात हा पाठलाग आहे. जेक आणि एलवुड हे दोघे भाऊ ज्या अनाथाश्रमात वाढले, तो वाचवण्यासाठी पैसे उभे करायला निघालेत आणि वाटेत पोलीस त्यांच्या मागे लागलेत. तेव्हा संगणकावर खोट्या गाड्या तयार करायची सोय नव्हती. म्हणून दिग्दर्शक जॉन लँडिस यांनी खऱ्या गाड्या खऱ्या मॉलमध्ये घुसवल्या. सगळ्या सिनेमात मिळून शंभराहून जास्त गाड्यांचा चुराडा झाला!

पण असला धुडगूस घालायला आपला मॉल देणार कोण? शिकागोजवळच्या हार्वे गावात डिक्सी स्क्वेअर नावाचा मॉल होता. १९६६ साली थाटात उघडला आणि १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये बंदही पडला. पुढच्याच उन्हाळ्यात सिनेमावाले आले. त्यांनी रिकामी दुकानं पुन्हा मालाने भरली, पाट्या लावल्या, दिवे लावले, आणि मग त्यात गाड्या घातल्या. शूटिंग संपलं, मंडळी निघून गेली. मॉल मात्र पुन्हा कधीच उघडला नाही. तीस वर्षांहून जास्त काळ तो तसाच पडून होता. नंतरच्या फोटोंमध्ये छपराला भगदाडं दिसतात आणि आत चक्क झाडोरा माजलेला दिसतो.

आता सांगा बघू, हा मॉल कुणी मोडला? गाड्यांनी? अजिबात नाही! गाड्यांनी काचा आणि दुकानं फोडली, पण भिंती, खांब, छप्पर उभंच होतं. खरं मोडणारं होतं पाणी. मला तर त्या पाठलागापेक्षा पाण्याचीच करामत जास्त थरारक वाटते.

अशा मोठ्या मॉलचं छप्पर सपाट असतं. त्यावर डांबराचे थर असतात आणि पावसाचं पाणी जायला भोकं. माणसांचा वावर असतो तोवर कुणीतरी वर चढून ती भोकं साफ करतं, चिरा बुजवतं. वावर थांबला की पाचोळा साचतो, भोकं तुंबतात, छपरावर तळं होतं. तळ्यातलं पाणी बारीकशी चीर शोधतं आणि आत शिरतं.

शिकागोकडे थंडी कडाक्याची. चिरेतलं पाणी गोठतं. बहुतेक पदार्थ गोठताना आक्रसतात, पाणी मात्र फुगतं! बर्फ होताना पाण्याचे रेणू फेर धरल्यासारखे षटकोनी रिंगण करतात आणि मधली जागा मोकळी राहते. त्यामुळे बर्फाला पाण्यापेक्षा सुमारे ९ टक्के जास्त जागा लागते. ती मिळाली नाही, तर बर्फ चीर रुंद करून ती घेतो. दिवसा वितळायचं, रुंद झालेल्या चिरेत आणखी पाणी भरायचं, रात्री पुन्हा गोठायचं. असे किती हिवाळे गेले असतील, मोजा!

हे घरी करून बघता येतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, पातळीवर पेनाने खूण करा आणि झाकण न लावता बाटली फ्रीझरमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी बर्फ खुणेच्या वर आलेला दिसेल. काचेची बाटली मात्र अजिबात घेऊ नका. का, ते आता तुम्हीच सांगा.

आत शिरलेलं पाणी एवढ्यावर थांबत नाही. काँक्रीटमधल्या सळ्यांपर्यंत पोचलं की सळ्या गंजतात, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. मग काँक्रीटचे पोपडे सुटतात. जुन्या इमारतींच्या छतातून डोकावणाऱ्या तांबूस सळ्या तुम्ही पाहिल्याच असतील, तो हाच प्रकार. ओलीवर बुरशी धरते, साचलेल्या मातीत वाऱ्याने आलेलं बी रुजतं, आणि मुळं चिरांमध्ये घुसतात.

एवढं होऊनही मॉल आपसूक भुईसपाट झाला नाही. २०१२ साली यंत्रं लावून तो पाडावा लागला. आधी मोठी अडचण होती अ‍ॅस्बेस्टॉसची. आग पसरू नये म्हणून जुन्या इमारतींमध्ये हे खनिज सर्रास वापरत. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले, तर गंभीर आजार होतात. म्हणून मास्क लावलेले कामगार ते काढतात तेव्हा आधी भरपूर भिजवून घेतात. ओले तंतू हवेत उडत नाहीत. म्हणजे इथेही पाणी लागतंच, फक्त या वेळी माणसांच्या बाजूने!