आधी क्रियापद उघडून बघा

जून उजाडला की मालवण, कुडाळ, कणकवलीतल्या पुस्तकांच्या दुकानांत वह्या आणि गाइडांच्या गर्दीत एक मागणी हमखास ऐकू येते: समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचं पुस्तक. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत असे शब्द विचारतात, म्हणून पालक ती पुस्तिका घेतात आणि परीक्षेपुरती ती पुरतेही. पण पाचवी ते आठवीच्या वर्गांत एखाद-दुसरं मूल असं असतं, ज्याला कुणी सांगितलेलं नसताना लिहावंसं वाटतं. ते वहीच्या मागच्या पानांवर भुताची गोष्ट रचतं, रापण ओढतानाचा आरडाओरडा शब्दांत पकडू बघतं. ‘याचे शब्द वाढायला हवेत’ असं म्हणत आपण कौतुकाने त्याच्याही हातात तीच पुस्तिका ठेवतो. ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तिकेत एका ओळीत आई, माता, जननी, माय असे शब्द नुसते स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात. त्यातला कोणता कुठे चालतो, याचा उल्लेख नसतो. मग ‘आईने डब्यात बांगड्याचं तिखलं दिलं’ या चांगल्या वाक्याचं ‘जननीने डब्यात बांगड्याचं तिखलं दिलं’ होतं. पाऊस जाऊन पर्जन्य येतो, घोडा जाऊन अश्व येतो. वाचणाऱ्याला ते खटकतं, पण मुलाला कारण कळत नाही, कारण पुस्तकाने दोन्ही शब्द सारखेच म्हणून सांगितले होते. अवजड शब्द म्हणजे चांगलं लिखाण ही समजूत या वयात एकदा रुजली की निबंधातून ती दहावीपर्यंत निघत नाही.

या याद्या अशा का झाल्या, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे समानार्थी शब्द एकत्र बांधण्याची परंपरा फार जुनी. अमरसिंहाचा संस्कृत ‘अमरकोश’ हा पाठ करायचा ग्रंथ होता. त्यातले शब्द अकारविल्हे नाहीत, विषयवार वर्गांत आहेत आणि पद्यात आहेत. त्याच्या पहिल्या कांडातला वारिवर्ग तर किनाऱ्यावरच्या माणसाने मुद्दाम बघावा असा आहे. समुद्राला तिथे एकापाठोपाठ 15 नावं येतात: अब्धी, पारावार, उदधी, सिंधू, सागर, अर्णव, रत्नाकर वगैरे. पुढे लाटा, नावा, कोळी, जाळं, गळ, मासे ठेवायची टोपली सगळं येतं. श्लोक रचणाऱ्याला वृत्तात बसेल असा शब्द हवा असतो. कधी दोन अक्षरांचा, कधी चार. त्याला 15 नावांचा खरोखर उपयोग होता. गद्यात गोष्ट लिहिणाऱ्या सातवीतल्या मुलीला त्यातली 12 कधीच लागणार नाहीत. आपल्या शालेय पुस्तिकांनी हा वारसा घेतला, पण अमरसिंहाची शिस्त घेतली नाही. लाटांचे शब्द देताना त्याने मोठ्या लाटांसाठी उल्लोल आणि कल्लोल हे वेगळे काढून सांगितले आहेत. म्हणजे शब्दाशब्दांतला फरक नोंदवायला हवा, हे त्यालाही महत्त्वाचं वाटलं होतं.

इंग्रजीतल्या प्रसिद्ध थिसॉरसचीही हीच गोष्ट. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने स्वतःच्या सोयीसाठी 1805 मध्ये शब्दांची वर्गवारी केली आणि 1852 साली, वयाच्या सत्तरीनंतर, ती ग्रंथरूपात आणली. कल्पना मनात तयार आहे, फक्त नेमका शब्द आठवत नाही, अशा माणसासाठी ते पुस्तक होतं. म्हणून त्यात अर्थ दिलेलेच नव्हते. वापरणाऱ्याला ते माहीत आहेत असं गृहीत धरलं होतं. मोठ्यांच्या बाबतीत ते ठीक आहे. 11-12 वर्षांच्या मुलाला मात्र यादीतले निम्मे शब्द पहिल्यांदाच भेटत असतात आणि अर्थ माहीत नसलेला शब्द वाक्यात घालायचा मोह त्याच वयात जास्त असतो.

तेव्हा दुकानात कोश हातात घेतला की सूर्य, चंद्र, कमळ, समुद्र ही पानं उघडू नयेत. तिथे प्रत्येक पुस्तक श्रीमंत दिसतं. त्याऐवजी एखादं साधं क्रियापद काढावं, उदाहरणार्थ ‘पाहणे’. नुसतं ‘बघणे, अवलोकणे’ एवढंच असेल तर पुस्तक खाली ठेवावं. निरखणे, न्याहाळणे, डोकावणे, हेरणे, टेहळणे, टक लावणे हे शब्द आहेत का, आणि असले तर त्यांच्यासोबत एकेक वाक्य आहे का, हे पाहावं. वाक्याचा आग्रह मी फार धरते. मुलगी बापाच्या होडीची वाट पाहत ‘समुद्राकडे पाहत होती’ हे बरोबर आहे. तिथे न्याहाळणे घातलं की ‘समुद्राकडे न्याहाळत होती’ असं होऊन चालत नाही. ‘समुद्र न्याहाळत होती’ असं वाक्यच बदलावं लागतं. शिवाय टेहळणाऱ्याच्या मनात काही धोका असतो, हेरणाऱ्याच्या मनात काही बेत असतो आणि डोकावणाऱ्याला मान पुढे काढावी लागते. गोष्ट लिहिणाऱ्या मुलाला लागते ती ही माहिती. नामांचे पर्याय गोष्टीला सजवतात. क्रियापदांच्या पर्यायांनी गोष्टीत प्रत्यक्ष काय घडलं ते ठरतं. बाकी अक्षर बारीक नसावं, बांधणी उघडून सपाट राहणारी असावी, एवढं पुरे.

या कसोटीला उतरणारा छोटा मराठी समानार्थी कोश सहज मिळत नाही, म्हणून माझा सल्ला असा की पहिला कोश समानार्थी शब्दांचा नसावाच. अर्थ देणारा, वाक्प्रचार देणारा एका खंडाचा मराठी-मराठी शब्दकोश घ्यावा. वा. गो. आपटे यांचा ‘मराठी शब्दरत्नाकर’ 1922 सालचा. हेच आपटे 1906 पासून ‘आनंद’ हे मुलांचं मासिक चालवत होते, म्हणजे मुलांसाठी लिहिणं आणि कोश करणं एकाच हाताने झालेलं आहे. त्यात आजचे अनेक शब्द नाहीत, हे लक्षात ठेवूनही तो घरात असावा. घरात इंटरनेट असेल तर मुंबईच्या आयआयटीने केलेलं मराठी शब्दजाल पाहावं. तिथे समानार्थी शब्दांच्या प्रत्येक गटाला अर्थ आणि वापराचं वाक्य जोडलेलं आहे, आणि ते फुकट आहे. मात्र ते हिंदी शब्दजालावरून वाढवत नेलेलं असल्याने आपल्या मातीतले पुष्कळ शब्द तिथे सापडत नाहीत.

मातीतल्या शब्दांसाठी मोठ्या कोशाकडे जावं लागतं. दाते, कर्वे, चांदोरकर आणि दातार यांनी 1932 ते 1938 या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सात खंडांत काढला; 1950 मध्ये पुरवणी खंड आला. त्यातल्या अनेक नोंदींपुढे कंसात संक्षेप दिसतात: (गो.) म्हणजे गोमंतकी, (व.) म्हणजे वऱ्हाडी, (राजा.) म्हणजे राजापुरी आणि (कु.) म्हणजे कुडाळी. आपल्या बोलीला मालवणी हे नाव सर्वतोमुखी झालं असलं, तरी कोशकारांनी ती कुडाळी म्हणून नोंदली. सिंधुदुर्गातल्या मुलाला हा (कु.) एकदा दाखवावा. आजी बोलते ते शब्द अशुद्ध नाहीत, ते छापील कोशात आहेत, हे त्याला दिसलं की त्याची भीड जाते. हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतो. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षणही असंच सर्वांसाठी खुलं आहे. एकाच वस्तूला वेगवेगळ्या जिल्ह्यांत काय म्हणतात, हे त्यात बघता येतं.

खळं आणि अंगण, व्हाळ आणि ओढा, सुकती आणि ओहोटी या जोड्या मालवणच्या मुलाकडे आधीपासून आहेत. मिरग, आगोट, मतलई वारा, उधाण, भांग. पाग, कांडाळी, गरी. मांगर, गडगा, पाणंद: यातल्या कितीतरी शब्दांना प्रमाण मराठीत एका शब्दाचा पर्यायच नाही. पाणंदीला ‘दोन्ही बाजूंनी गडगे असलेली वाट’ म्हणावं लागतं. मुलांनी अमरसिंहासारखा आपल्या गावचा वारिवर्ग स्वतः लिहावा, असं मला मनापासून वाटतं. घरातल्या, धक्क्यावरच्या माणसांना विचारून, प्रत्येक शब्दापुढे त्यांच्याच तोंडचं वाक्य टाकून. शाळेने तो भित्तिपत्रकावर लावला तर उत्तमच.

शब्दसंपत्ती म्हणजे नेमकं काय, याची दोन उत्तरं वेंगुर्ले तालुक्यात शेजारी-शेजारी आहेत. वि. स. खांडेकर 1920 साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि तिथेच लेखक म्हणून वाढले. त्यांचं गद्य अलंकारांनी, उपमांनी भरलेलं. लगतच्या आरवलीचे जयवंत दळवी त्यांच्यानंतरच्या पिढीतले. त्यांनी गावातल्या माणसांच्या बोलण्याची लय तशीच ठेवली, साध्या क्रियापदांवर सगळी भिस्त ठेवली. मुलांना दोघांचंही एकेक पान वाचून दाखवावं आणि कोणता शब्द काढून दुसरा घालता येईल ते विचारावं. खांडेकरांच्या पानावर पर्याय सुचतात. दळवींच्या पानावर बहुतेक वेळा सुचत नाहीत, आणि माझा कल त्या दुसऱ्या पानाकडे आहे.

सेमी-इंग्रजीच्या मुलांबद्दल थोडक्यात. त्यांना इंग्रजी थिसॉरस घेऊन देण्याची घाई करू नये. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठी केलेले कोश वेगळे असतात, ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना तयार केलेला आणि पुढे ऑक्सफर्डने 1948 मध्ये काढलेला कोश हा त्यांतला अग्रणी. त्याच्या आजच्या आवृत्त्यांत शब्द वाक्यात कसा बसतो ते प्रत्येक ठिकाणी दिलेलं असतं. या वयाला तेच हवं.

पालकांना माझी विनंती एवढीच. समानार्थी कोश आठवीनंतर घ्या, तोवर एक चांगला अर्थकोश आणि उरलेल्या पैशांची गोष्टींची पुस्तकं आणा. आणि आपल्या तालुक्याच्या वाचनालयात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे आठही खंड आहेत का, ते या आठवड्यात जाऊन विचारा. नसतील तर मागणी लेखी द्या. असतील तर ते कपाटातून काढून मुलांच्या हाताला लागतील अशा टेबलावर ठेवायला सांगा.