अल्सर म्हणजे काय? पोटातील जखमेविषयी थोडेसे



गेल्या पावसाळ्यात आचरा येथील एका ज्येष्ठ गृहस्थांच्या भेटीस आम्ही गेलो होतो. उभे आयुष्य रापण ओढण्यात गेलेले. गुडघे दुखतात म्हणून कित्येक महिने ते दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत असत. पहाटे कोऱ्या चहाबरोबर एक गोळी, असा त्यांचा नेम होता. पोटात कधी दुखले नाही. शौचाचा रंग डांबरासारखा काळा झाला आहे हे त्यांच्या ध्यानात आले होते, परंतु ही गोष्ट घरात सांगण्याचा त्यांना संकोच वाटला. एके सकाळी अंगणातच चक्कर येऊन ते पडले. रुग्णालयात दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा जठरात अल्सर सापडला आणि रक्त चढवावे लागले. आता ते बरे आहेत. त्यांनी आम्हांला विचारले, "पोटात कधी दुखूक नाय, मगे हो अल्सर खयसून इलो?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो केवळ त्यांचा नाही. म्हणून हा लेख.

अल्सर या शब्दाला वैद्यकीय मराठीत 'व्रण' म्हणतात. बोलीभाषेत मात्र आपण जखम भरून आल्यावर राहिलेल्या खुणेला व्रण म्हणतो, त्यामुळे थोडा घोटाळा होतो. येथे अभिप्रेत आहे ती न भरलेली, उघडी जखम. ती तोंडात होते, पायावर होते, डोळ्याच्या बुबुळावरही होते. पोटातला अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या आतील अस्तराला पडलेला खड्डा. वरवरच्या ओरखड्याला अल्सर म्हणत नाहीत. अस्तराची पूर्ण जाडी भेदून जखम खाली गेली की तो अल्सर होय. आकाराने तो बहुधा काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर इतकाच असतो.

आपल्या जठरात दिवसाकाठी सुमारे दोन लिटर पाचकरस स्रवतो. त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि मांसमासळी पचविणारे पेप्सिन असते. मग प्रश्न असा पडतो, की बांगडा पचविणारे जठर स्वतःलाच का पचवीत नाही? विधात्याने त्याची तजवीज केली आहे. जठराच्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो, त्या थरात आम्लाचा जोर मारणारा क्षार असतो आणि अस्तराच्या वरच्या पेशी काही दिवसांतच झडून त्यांच्या जागी नव्या येतात. आम्ल आणि हे संरक्षण यांचा तोल जोवर राहतो, तोवर काही होत नाही. तो ढळला की आम्ल मांसापर्यंत पोहोचते.

तोल कशाने ढळतो, याचे उत्तर वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ चुकीचे दिले. काळजी, चिडका स्वभाव आणि तिखट यांना दोष दिला गेला. रुग्णाला दूधभात खाण्यास सांगत, काहींचे जठर शस्त्रक्रियेने कापून टाकीत, तरी अल्सर पुन्हा उद्भवत असे. जठरातील आम्लात एकही जंतू तग धरू शकत नाही, अशी तेव्हा समजूत होती. गावपळणीच्या तीन दिवसांत आचऱ्यात जशी सामसूम असते, तसेच जठर निर्मनुष्य आहे असे म्हणा ना! ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन यांना मात्र सूक्ष्मदर्शकाखाली तेथे वळणदार जंतूंची वस्ती दिसत होती. त्यांचे तरुण सहकारी बॅरी मार्शल हे जंतू प्रयोगशाळेत वाढविण्याचा प्रयत्न करीत होते, परंतु दोन दिवसांत काही उगवले नाही की बशा टाकून दिल्या जात. 1982 च्या ईस्टरच्या सुटीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि सुटी संपवून पाहतात तो जंतू उगवलेले! या जंतूला वाढण्यास अधिक अवधी लागतो, एवढीच अडचण होती. तरीही कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी या जंतूंचे मिश्रण स्वतःच प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना वांत्या होऊ लागल्या आणि तपासणीत जठराला सूज आढळली. 2005 मध्ये, म्हणजे आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला त्याच वर्षी, दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरन 2024 मध्ये निवर्तले.

हेलिकोबॅक्टर पायलोरी असे या जंतूचे नाव. तो युरियापासून अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आवरणात सुरक्षित राहून अस्तराला सूज आणतो. तो बहुधा बालपणीच, घरातील निकट सहवासातून किंवा दूषित अन्नपाण्यातून शरीरात शिरतो. भारतातील निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात तो असतो. त्यांपैकी बहुसंख्य लोकांना अल्सर कधीच होत नाही, म्हणून या माहितीने कोणी घाबरून जाऊ नये.

दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्यांचे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे वेदना व सूज निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये थांबवितात. जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये हे दाखवून दिले. परंतु जठराचे संरक्षक थर राखणे हेही त्याच द्रव्यांचे काम आहे. गुडघ्याची वेदना शमते आणि पोटाचा कुंपणबांध ढासळतो. शिवाय या गोळ्या वेदनाच दडपत असल्यामुळे अल्सरचे दुखणेही जाणवत नाही. आचऱ्याच्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर हेच. पॅरासिटामॉल या गटात येत नाही. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र कोणी आपल्या मनाने बंद करू नये, त्यात अधिक मोठा धोका आहे.

आता थोडे समजुतींविषयी. आपल्याकडे पोटात जळजळले की 'पित्त झाले' म्हणतात. वस्तुतः पित्त यकृतात तयार होते आणि ही जळजळ आम्लाची असते. मालवणी तिखटाने अल्सर होत नाही, असलेला चुरचुरतो. सोलकढीने बरे वाटते, पण जंतू मरत नाही. दुधाने घटकाभर आराम पडतो आणि नंतर आम्ल अधिकच स्रवते. तंबाखूचा धूर जखम भरू देत नाही. राहिला फेणीचा विषय. संत पौलाने तिमथीला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सुचविले, याची आठवण आम्हांला काही मंडळी आवर्जून करून देतात. पौलाच्या मनात फेणी होती असे आम्हांला वाटत नाही.

भाताविषयी एक कुतूहलाची गोष्ट आहे. पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी 1964 मध्ये लिहिले, की उत्तरेकडील गहू खाणाऱ्यांपेक्षा दक्षिणेकडील भात खाणाऱ्यांत अल्सर अधिक आढळतो. चावून खाण्याने लाळ अधिक मिसळते, असे त्यांचे अनुमान होते. पुढे जंतू दोन्हीकडे सारखाच आढळल्याने हे कोडे पूर्ण सुटलेले नाही. तेवढ्यासाठी सकाळची पेज सोडण्याचे कारण नाही.

अल्सर शरीराचे काय करतो? आतड्यातला अल्सर बहुधा रिकाम्या पोटी आणि अपरात्री दोन-तीनच्या सुमारास दुखतो, खाल्ले की शमतो. जठरातला पुष्कळदा खाल्ल्यावर दुखतो. रक्त थेंबथेंब जात राहिले तर माणूस फिकटतो, चढावर धाप लागते आणि घरचे 'अशक्तपणा' म्हणून सोडून देतात. एखादी रक्तवाहिनी फुटली तर काळे, चिकट शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होते. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण त्याचा निवाडा डॉक्टरांनी करावा.) भोक पडले तर सुरी खुपसल्यासारखी वेदना होऊन पोट फळीसारखे कडक होते; तेव्हा घरी ओवा खात बसू नये, तासातासाला धोका वाढतो. वारंवार भरणाऱ्या जखमेने वाट आकसली तर आदल्या दिवशीचे जेवण उलटून पडते.

प्रत्येक पोटदुखी अल्सरची नसते, हेही सांगितले पाहिजे. लोयोलाचे संत इग्नाती वर्षानुवर्षे पोटदुखीने त्रस्त होते. 1556 मध्ये त्यांच्या निधनानंतर शवविच्छेदनात खडे सापडले. आणि छातीत जळजळते म्हणून सोडा प्यायलेल्या माणसाला प्रत्यक्षात हृदयविकाराचा झटका आलेला असू शकतो.

निदानासाठी दुर्बीण उत्तम, कारण जठरातील काही व्रण कर्करोगाचे असतात आणि तुकडा तपासल्यावाचून ते कळत नाही. जंतू आढळल्यास आम्ल कमी करणारे औषध आणि निदान दोन प्रतिजैविके एकत्र, बहुधा चौदा दिवस देतात. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या तर जंतू त्या औषधांना निर्ढावतो. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही याची पुन्हा तपासणी करतात. तिला बहुतेक जण दांडी मारतात.

उपवासकाळात हे दुखणे असलेले भाविक आम्हांला विचारतात, उपवास करावा का? अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंत उपवासाचा नियम आहे, आणि आजारी माणसाला त्यातून सूट असते. आचऱ्याच्या आजोबांना तर वयानेच सूट आहे. तरीही राखेच्या बुधवारी ते उपाशी राहणार होते. आम्ही त्यांना पेज प्यायला लावली.